मूत्रमार्गाच्या पुनर्रचनेनंतरची वर्षे : युरेथ्रोप्लास्टीचा टिकाऊपणा कसा समजून घ्यावा आणि कसा जपावा

मूत्रमार्गाच्या स्ट्रिक्चरसाठी, म्हणजे व्रणामुळे अरुंद झालेल्या मार्गासाठी, युरेथ्रोप्लास्टीचा, म्हणजे मार्गाची पुनर्रचना करणाऱ्या शस्त्रक्रियेचा, सल्ला मिळालेला पुरुष डॉक्टरांना सर्वांत आधी विचारतो ते यशाच्या खात्रीबद्दल, आणि उत्तरादाखल त्याला बहुधा एक टक्केवारी ऐकायला मिळते. ती टक्केवारी खोटी नसते. पण ती कोणत्या जागेच्या, किती लांबीच्या आणि कशामुळे झालेल्या स्ट्रिक्चरची आहे, किती वर्षांनंतरची आहे आणि यश म्हणजे नेमके काय धरले आहे, हे कळल्याशिवाय तिचा फारसा उपयोग होत नाही. शस्त्रक्रिया काही तासांत संपते, तिचा खरा निकाल मात्र दहा-पंधरा वर्षांच्या अवधीत लागत जातो. या लेखात त्या दीर्घ काळाचा विचार केला आहे. शस्त्रक्रियेपूर्वी काय माहीत करून घ्यावे, नंतर कोणत्या टप्प्यावर काय मोजावे आणि त्रास परतला तर कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, हे पुढे दिले आहे. लेख वाचून तपासणी टाळता येणार नाही. तपासणीच्या वेळी नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढ्यापुरता तो आहे.

पायरी १ : आपल्या स्ट्रिक्चरची माहिती कागदावर उतरवणे

पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचे पुढचा व मागचा असे दोन भाग पडतात. पुढच्या भागात लिंगाच्या टोकाचे छिद्र, लिंगातला मार्ग आणि वृषणकोशाच्या मागे असलेला ‘बल्बर’ भाग येतो. मागच्या भागात लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूतून जाणारा छोटा तुकडा आणि प्रोस्टेटमधला मार्ग येतो. स्ट्रिक्चर सर्वाधिक आढळते ते बल्बर भागात. आतील अस्तराला आणि त्याभोवतीच्या रक्ताने भरलेल्या स्पंजासारख्या ऊतीला इजा झाली की तेथे व्रणऊती तयार होते, ती आकसते आणि मार्ग अरुंद करते. म्हणजे आतून दिसणारा अरुंद भाग हा आजाराचा एक अंश असतो. भोवतीच्या ऊतीत व्रण किती खोल आणि किती दूरवर पसरला आहे, यावर पुढचे बरेच काही ठरते.

म्हणून पहिले काम असे की चार गोष्टी स्पष्टपणे लिहून घ्याव्यात: जागा, लांबी, कारण आणि आजवर झालेले उपचार. जागा आणि लांबी कळण्यासाठी मूत्रमार्गात औषध सोडून काढलेला एक्स-रे, म्हणजे आरजीयू, आणि लघवी करताना काढलेला एक्स-रे, म्हणजे एमसीयू, हे दोन्ही लागतात. मार्ग पूर्ण बंद असेल तर पोटावरच्या नळीतून औषध सोडून दुसरी बाजू पाहावी लागते. एक्स-रे घेताना कूस नीट वळवलेली नसेल तर बल्बर भागातले स्ट्रिक्चर प्रत्यक्षापेक्षा आखूड दिसते, ही बारीक वाटणारी बाब शस्त्रक्रियेचा प्रकारच बदलू शकते. त्यामुळे केवळ अहवाल न नेता मूळ फिल्म किंवा डिस्क जपून ठेवावी आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाला तीच दाखवावी.

कारणांमध्ये सायकलच्या दांड्यावर किंवा तत्सम वस्तूवर दोन्ही बाजूंना पाय टाकून आदळणे, कटिभागाचे हाड मोडणे, कॅथेटर किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया, परम्यासारखा जुना संसर्ग, बालपणी झालेली हायपोस्पेडियसची (मूत्रमार्गाचे छिद्र जन्मतः लिंगाच्या खालच्या बाजूला असण्याची) शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि लायकेन स्क्लेरोसस हा त्वचारोग ही प्रमुख आहेत. अनेक रुग्णांत कारण सापडतच नाही. मात्र शेवटचे तीन प्रकार असतील तर दीर्घकालीन अंदाज वेगळा धरावा लागतो, हे सुरुवातीलाच माहीत असलेले बरे.

पायरी २ : यशाचा आकडा वाचायला शिकणे

या विषयातली सर्वांत मोठी गफलत येथेच होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. वैद्यकीय अहवालांमध्ये ‘यश’ या शब्दाचे निदान तीन अर्थ आढळतात. काही ठिकाणी पुढे कोणतीही प्रक्रिया करावी लागली नाही, अगदी एकदा डायलेटेशनही (मार्ग ताणून रुंद करणेही) नाही, याला यश म्हटले जाते. काही ठिकाणी विशिष्ट जाडीची, साधारण १६ किंवा १७ फ्रेंच मापाची, दुर्बीण सहज आत जाते का, हे पाहिले जाते. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे ही दुर्बीण साधारण ५.३ ते ५.७ मिलिमीटर जाडीची असते. तिसऱ्या अर्थाने रुग्णाला बरे वाटते का, त्याची धार, त्याचे लैंगिक जीवन आणि त्याचे समाधान कसे आहे, यावरून यश ठरते. एकाच शंभर रुग्णांच्या गटाला हे तीन मापदंड लावले तर तीन वेगळे आकडे येतात. दुर्बिणीने पाहिल्यास काही रुग्णांत मार्ग पुन्हा आकसू लागलेला दिसतो, पण त्यांना त्रास काहीच नसतो. उलट काही रुग्णांत मार्ग उत्तम मोकळा असतो आणि तरीही ते नाराज असतात, कारण थेंब गळतात किंवा ताठरतेत फरक पडलेला असतो.

दुसरा मुद्दा कालावधीचा. पुन्हा स्ट्रिक्चर होण्याच्या घटना पहिल्या एक-दोन वर्षांत जास्त घडतात, पण त्यानंतर त्या थांबत नाहीत. लंडनमध्ये दीर्घकाळ पाठपुरावा करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात असे दिसले की खराब भाग कापून दोन टोके जोडलेल्या रुग्णांमध्ये १५ वर्षांनंतरही सुमारे १४ टक्क्यांनाच पुन्हा स्ट्रिक्चर झाले, तर दुसऱ्या ऊतीचा तुकडा लावून मार्ग रुंद केलेल्यांमध्ये हे प्रमाण वर्षागणिक वाढत जाऊन निम्म्याच्या पुढे गेले. त्या दुसऱ्या गटात आजच्या पद्धतीचे गालाच्या अस्तराचे कलम सर्रास वापरले जात नव्हते, त्यामुळे तो आकडा आजच्या रुग्णाला जसाच्या तसा लावणे अन्यायाचे ठरेल. परंतु जोडणीची शस्त्रक्रिया एकदा टिकली की टिकते आणि कलमाची शस्त्रक्रिया दीर्घकाळ नजरेखाली ठेवावी लागते, हा त्यातला धडा अजूनही खरा आहे.

तेव्हा तज्ज्ञाला असे विचारावे: “माझ्यासारख्या जागेच्या आणि लांबीच्या स्ट्रिक्चरवर आपण किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? त्यांतल्या किती जणांना नंतर पुन्हा काही करावे लागले? आणि हे किती वर्षांच्या पाठपुराव्यानंतर सांगत आहात?” या प्रश्नांनी अनुभवी शल्यविशारद दुखावत नाही. उत्तर ‘आमच्याकडे सगळे बरे होतात’ असे आले तर दुसरे मत घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी ३ : वारंवार दुर्बिणीने कापत राहायचे की पुनर्रचना करायची

दुर्बिणीतून व्रण कापणे किंवा डायलेटरने मार्ग ताणणे हे सोपे, लहान आणि लगेच घरी पाठवणारे उपचार आहेत. बल्बर भागातले, २ सेंटिमीटरपेक्षा आखूड आणि पहिल्यांदाच आढळलेले स्ट्रिक्चर असेल तर एकदा हा मार्ग स्वीकारणे रास्त आहे. पण लांबी वाढली की फायदा झपाट्याने घटतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत वर्षभरातच २ सेंटिमीटरखालील स्ट्रिक्चरपैकी सुमारे ४० टक्के आणि ४ सेंटिमीटरवरील स्ट्रिक्चरपैकी सुमारे ८० टक्के परतली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी तोच उपचार केल्यास कायमचे बरे होण्याची शक्यता नगण्य उरते, आणि प्रत्येक वेळी नवा काप पडल्याने व्रण लांब व खोल होण्याची भीती असते.

ब्रिटनमधील ‘ओपन’ नावाच्या चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये आला. परतलेल्या बल्बर स्ट्रिक्चरच्या २२२ पुरुषांना दुर्बिणीने कापणे किंवा युरेथ्रोप्लास्टी यांपैकी एका उपचारासाठी निवडण्यात आले होते. दोन वर्षांच्या काळात लघवीच्या त्रासात दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा दिसली. मात्र पुन्हा प्रक्रिया करावी लागण्याची वेळ दुर्बिणीच्या गटात २९ जणांवर आली, तर युरेथ्रोप्लास्टीच्या गटात १५ जणांवर. या निकालाचा अर्थ असा की दुर्बिणीने आराम पडतो, पण तो उधारीचा असण्याची शक्यता जास्त. वय फार झाले असेल, हृदयविकारामुळे दीर्घ भूल धोक्याची असेल किंवा रुग्णाला जाणीवपूर्वक अधूनमधून डायलेटेशन करून घेणेच पटत असेल, तर तेही चुकीचे नाही. फक्त तो निर्णय समजून-उमजून घेतलेला असावा. अलीकडे पॅक्लिटॅक्सेल औषधाचा लेप असलेला फुगाही परतलेल्या, ३ सेंटिमीटरपेक्षा आखूड बल्बर स्ट्रिक्चरसाठी उपलब्ध झाला आहे. त्याचे सुरुवातीच्या वर्षांतले निकाल आशादायक आहेत, परंतु दोन-तीन दशकांचा अनुभव युरेथ्रोप्लास्टीच्याच पाठीशी आहे.

पायरी ४ : आपल्याला सुचवलेली पद्धत आणि तिचे आयुष्य

आखूड बल्बर स्ट्रिक्चरमध्ये, विशेषतः मार लागून झालेल्या, खराब भाग पूर्ण कापून निरोगी टोके जोडली जातात. टिकाऊपणात ही पद्धत सर्वांत वरची असून अनुभवी हातांत ९० टक्क्यांहून अधिक यश अनेक केंद्रांनी नोंदवले आहे. तिच्या मर्यादा लांबीच्या आहेत. २ सेंटिमीटरच्या पुढे ताण देऊन टोके जोडली तर लिंगाला ताठरतेच्या वेळी बाक येणे किंवा लांबी कमी वाटणे संभवते. लिंगातल्या मार्गासाठी तर ही पद्धत याच कारणाने सहसा वापरत नाहीत. मार्ग आडवा पूर्ण छेदल्याने लिंगाच्या टोकाला येणारा रक्तपुरवठाही काहीसा बाधित होतो आणि काही पुरुषांना टोक गार किंवा बधिर वाटते. म्हणूनच गेल्या दोन दशकांत मार्ग पूर्ण न छेदता दुरुस्ती करण्याकडे कल वाढला. स्कँडिनेव्हियातील एका बहुकेंद्री चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, आखूड बल्बर स्ट्रिक्चरसाठी छेदून जोडणे आणि गालाचे कलम लावणे यांची तुलना झाली. पहिल्या वर्षात स्ट्रिक्चर परतण्याचे प्रमाण दोन्हीकडे सुमारे १३ टक्के होते, पण लिंगासंबंधीच्या तक्रारी छेदून जोडलेल्या गटात अधिक होत्या. मार लागलेला नसताना आखूड स्ट्रिक्चरवर कोणती पद्धत घ्यावी, याचा विचार करताना हा निष्कर्ष तज्ज्ञासमोर जरूर ठेवावा.

लांब स्ट्रिक्चरसाठी तोंडातील अस्तराचे कलम हा आजचा मुख्य आधार आहे. किरिल सापेझ्को या शल्यविशारदांनी १८९४ मध्येच असे कलम वापरले होते, पण त्याचा सर्रास वापर १९९० च्या दशकात सुरू झाला. हे अस्तर ओलाव्याला सरावलेले असते, त्यावर केस नसतात, ते जाड असूनही लवकर रुजते. १९९६ मध्ये इटलीचे शल्यविशारद ग्वीदो बार्बाग्ली यांनी कलम मार्गाच्या वरच्या बाजूला, लिंगाच्या घट्ट ऊतीवर टेकवून शिवण्याची पद्धत मांडली, त्यामुळे कलमाला पक्का आधार मिळाला; पुढे भारतीय शल्यविशारदांपैकी असोपा यांनी मार्ग खालून उघडून आतून कलम बसवण्याची, तर कुलकर्णी यांनी केवळ एका बाजूने मार्ग सोडवून दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा अबाधित ठेवण्याची पद्धत रूढ केली. बल्बर भागात या कलमांचे पाच वर्षांच्या आसपासचे यश साधारण ८० ते ९० टक्क्यांत असते. संपूर्ण पुढचा मार्ग खराब झालेल्या रुग्णांत ते थोडे कमी असले तरी निराशाजनक नाही. कुलकर्णी यांच्या पद्धतीने केलेल्या ११७ रुग्णांच्या मालिकेत साधारण पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर ते सुमारे ८४ टक्के नोंदवले गेले.

गालाचे काय होते, ही भीती रास्त असली तरी तिचे उत्तर छोटे आहे. काही दिवस दुखते, काही आठवडे तोंड पूर्ण उघडताना ओढ बसते, थोडी बधिरता काही जणांना दीर्घकाळ जाणवते. खाणे-बोलणे कायमचे बिघडणे दुर्मीळ आहे. तंबाखू किंवा सुपारीने तोंड आधीच आखडलेले असेल तर मात्र कलम चांगले मिळत नाही, आणि हे आधी सांगणे रुग्णाच्याच हिताचे आहे.

जननेंद्रियाच्या त्वचेची झडप, म्हणजे रक्तपुरवठा कायम ठेवून वळवलेला त्वचेचा पट्टा, वापरण्याची पद्धत आता मागे पडली आहे. वृषणकोशाची केसाळ त्वचा वापरली असेल तर वर्षांनंतर आत केस वाढून खडे, संसर्ग आणि पिशवीसारखा फुगवटा तयार होऊ शकतो. जुनी शस्त्रक्रिया त्या प्रकारची असेल आणि आता वारंवार संसर्ग होत असेल, तर हा संशय डॉक्टरांना सुचवावा. लायकेन स्क्लेरोससमध्ये जननेंद्रियाची त्वचा वापरणे चुकीचेच ठरते, कारण आजार त्या त्वचेतच असतो.

कटिभागाचे हाड मोडून तुटलेल्या मार्गाची कथा वेगळी आहे. तेथे सहसा पोटावरून नळी घालून किमान तीन महिने थांबतात आणि मग वृषणकोशामागून शस्त्रक्रिया करून टोके जोडतात. पहिल्या प्रयत्नात अनुभवी केंद्रांत दहापैकी आठ-नऊ रुग्णांत मार्ग टिकून राहतो. फसलेल्या पहिल्या प्रयत्नानंतर काम पुष्कळ अवघड होते, म्हणून पहिलीच शस्त्रक्रिया योग्य ठिकाणी व्हावी यासाठी थोडे थांबावे लागले तरी थांबावे.

पायरी ५ : शस्त्रक्रियेआधीचे आठवडे

दीर्घकालीन निकालावर परिणाम करणाऱ्या काही गोष्टी रुग्णाच्या हातात असतात. आधी झालेल्या दुर्बिणीच्या प्रक्रिया, आधीची फसलेली युरेथ्रोप्लास्टी आणि स्ट्रिक्चरची लांबी बदलता येत नाही. धूम्रपान थांबवता येते. ते कलमाच्या रक्तपुरवठ्याला मारक असते आणि पुन्हा स्ट्रिक्चर होण्याशी त्याचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. मधुमेह आटोक्यात आणता येतो, वजन कमी केल्यास शस्त्रक्रियेतील पायांची ताणलेली स्थितीही शरीराला सोसते.

याहून कमी माहीत असलेली बाब म्हणजे मार्गाला विश्रांती देणे. जो रुग्ण स्वतः नळी घालून मार्ग ताणत असतो किंवा ज्याचे अलीकडेच डायलेटेशन झाले आहे, त्याच्यात व्रणाची खरी व्याप्ती झाकली जाते. अशा वेळी काही आठवडे, सहसा दोन ते तीन महिने, मार्गात काहीही घालू नये, आणि लघवी अडण्याची भीती असेल तर पोटावरून नळी ठेवावी. त्यानंतर घेतलेला एक्स-रे खरे चित्र दाखवतो. ही नळी अनेकांना अपमानास्पद वाटते आणि ते टाळाटाळ करतात. पण अपुऱ्या लांबीची दुरुस्ती होऊन वर्षभरात सगळे पुन्हा करावे लागणे त्याहून फार जड जाते. लघवीचे कल्चर करून जंतू आढळल्यास योग्य प्रतिजैविक शस्त्रक्रियेआधी पूर्ण करावे. आपली ताठरता, वीर्यस्खलन आणि लघवीची धार शस्त्रक्रियेपूर्वी कशी होती, तेही लिहून ठेवावे. नंतरच्या प्रत्येक तुलनेसाठी ती नोंद लागणार आहे.

पायरी ६ : पहिले तीन महिने

नळी बहुधा दोन ते तीन आठवडे राहते. ती काढण्यापूर्वी किंवा काढताना औषध सोडून एक्स-रे घेतात. जोडातून गळती दिसली तर नळी आणखी आठवडाभर ठेवली जाते, आणि याचा अर्थ शस्त्रक्रिया फसली असा होत नाही. नळी कोणत्याही कारणाने आपोआप निघाली तर ती घाईघाईने कोणालाही पुन्हा घालू देऊ नये. शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूलाच कळवावे. संभोग साधारण सहा आठवडे आणि सायकल, घोडा किंवा दुचाकीवरचा लांबचा प्रवास साधारण तीन महिने टाळण्याचा सल्ला सहसा दिला जातो. नेमका अवधी आपल्या शस्त्रक्रियेप्रमाणे विचारून घ्यावा.

पायरी ७ : पाठपुराव्याचे वेळापत्रक आणि घरची नोंदवही

या टप्प्यावर बहुतेक पुरुष गायब होतात. धार चांगली आली, जखम भरली, मग कशाला जायचे, असा विचार स्वाभाविक आहे. परंतु उशिरा परतणारे स्ट्रिक्चर हळूहळू परतते, मूत्राशय जोर लावून ते झाकून ठेवतो आणि रुग्णाला कळते तेव्हा मार्ग बराच अरुंद झालेला असतो.

रास्त वेळापत्रक असे: तीन ते चार महिन्यांनी आणि वर्षाच्या शेवटी युरोफ्लो (लघवीचा वेग मोजणारी तपासणी), लघवीनंतर मूत्राशयात उरलेल्या लघवीची सोनोग्राफी आणि लक्षणांची प्रश्नावली, या दोन भेटींपैकी निदान एकीत, विशेषतः कलमाची शस्त्रक्रिया असेल तर, दुर्बिणीने मार्ग प्रत्यक्ष पाहणे. दुसऱ्या वर्षी एक-दोन भेटी आणि त्यानंतर दरवर्षी एक युरोफ्लो. लिंगातल्या मार्गाची दुरुस्ती, लांब कलम, लायकेन स्क्लेरोसस, हायपोस्पेडियसची जुनी दुरुस्ती किंवा रेडिएशन असेल तर किमान पाच वर्षे अधिक काटेकोर पाहणी करावी. आखूड बल्बर स्ट्रिक्चर जोडणीने दुरुस्त झाले असेल आणि वर्षभर सर्व तपासण्या चांगल्या असतील, तर भेटी विरळ केल्या तरी चालतात.

युरोफ्लोचा कागद स्वतः पाहायला शिकावे. तपासणी ग्राह्य धरण्यासाठी साधारण १५० मिलिलिटर तरी लघवी झालेली असावी. कमाल वेग सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर असणे चांगले मानतात, पण वेगापेक्षा आलेखाचा आकार अधिक सांगतो. निरोगी आलेख डोंगरासारखा चढून उतरतो. स्ट्रिक्चरमध्ये तो थोडा चढून लांबवर सपाट राहतो आणि मग संपतो. एखाद्या वर्षीचा वेग कमी आला तर घाबरू नये, मात्र सलग दोन-तीन कागदांत वेग घटत असेल आणि आकार सपाट होत असेल तर त्रास नसला तरी दुर्बिणीने पाहून घ्यावे. घरी मोजमापाचा कप आणि घड्याळ वापरून किती लघवी किती सेकंदांत झाली, याची महिन्यातून एकदा नोंद ठेवणे हा बिनखर्चाचा आणि विश्वासार्ह उपाय आहे; एकूण लघवीला सेकंदांनी भागल्यास सरासरी वेग मिळतो आणि त्याची घसरण चटकन नजरेत भरते.

पायरी ८ : मार्ग मोकळा असूनही राहणाऱ्या तक्रारी

लघवी झाल्यावर कपड्यांत थेंब गळणे ही सर्वाधिक आढळणारी तक्रार आहे. बल्बर भागाभोवतीचा स्नायू मार्ग पिळून रिकामा करतो. शस्त्रक्रियेत तो बाजूला करावा लागतो आणि कलम लावलेला भाग थोडा सैल असतो, त्यामुळे तेथे लघवी साचते. उपाय साधा आहे: लघवी झाल्यावर क्षणभर थांबून वृषणकोशाच्या मागे बोटांनी वर दाबावे आणि तोच दाब पुढे सरकवत लिंगाच्या टोकापर्यंत आणावा. याच कारणाने वीर्यही जोराने बाहेर न येता ओघळते. उलट स्ट्रिक्चरमुळे आधी वेदनादायक असलेले स्खलन शस्त्रक्रियेनंतर अनेकांत सुधारते.

ताठरतेबद्दल उघड बोलले जात नाही, म्हणून भीती वास्तवापेक्षा मोठी होते. पुढच्या मार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीच्या काही महिन्यांत ताठरता कमी झाल्याचे बऱ्याच पुरुषांना जाणवते, पण बहुतेकांत ती साधारण सहा महिन्यांत पूर्ववत होते. अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये केलेल्या विश्लेषणात नव्याने आलेल्या आणि टिकून राहिलेल्या तक्रारीचे प्रमाण सुमारे १ टक्का आढळले. हाड मोडून झालेल्या दुखापतीत मात्र ताठरतेची समस्या पुष्कळ जणांत असते आणि ती बव्हंशी मूळ अपघातात नसा व रक्तवाहिन्या दुखावल्याने आलेली असते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वीची नोंद महत्त्वाची, नाहीतर दोष चुकीच्या जागी जातो. सहा महिन्यांनंतरही तक्रार कायम असेल तर गोळ्यांपासून पुढचे उपचार उपलब्ध आहेत आणि ते मागण्यात संकोच करू नये.

तिसरी तक्रार मूत्राशयाची. वर्षानुवर्षे अडथळ्याविरुद्ध जोर लावून त्याची भिंत जाड झालेली असते. मार्ग मोकळा झाल्यावरही वारंवार आणि घाईची लघवी काही महिने राहू शकते. काहींचा मूत्राशय थकून गेलेला असतो, तेव्हा धार कमी येते आणि सगळा दोष शस्त्रक्रियेवर जातो. दुर्बिणीने मार्ग मोकळा दिसत असेल तर मूत्राशयाच्या दाबाची तपासणी करूनच पुढचे पाऊल ठरवावे.

लायकेन स्क्लेरोससच्या रुग्णाने टोकावरच्या पांढऱ्या, चिवट त्वचेसाठी सांगितलेले स्टेरॉइड मलम चालू ठेवावे आणि न भरणारी जखम किंवा गाठ दिसल्यास लगेच दाखवावे, कारण या आजारात लिंगाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढलेला असतो आणि तो मार्ग मोकळा झाल्याने संपत नाही.

पायरी ९ : स्ट्रिक्चर परतले तर

धार बारीक होणे, दोन धारा पडणे, जोर लावावा लागणे, पुन्हा पुन्हा संसर्ग होणे ही परतण्याची चिन्हे आहेत. लघवी पूर्ण अडणे, थंडी वाजून ताप येणे किंवा वृषणकोशामागे दुखरी सूज येणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

परतलेले स्ट्रिक्चर बहुतेक वेळा संपूर्ण दुरुस्तीभर नसते. कलमाच्या टोकाशी एखादे पातळ कडे तयार होते. अशा कड्यासाठी दुर्बिणीने एकदा कापणे योग्य असते आणि ते बरेचदा पुरते. एक्स-रेत लांब भाग आकसलेला दिसला किंवा एकदा कापूनही काही महिन्यांत परतला, तर कापत राहण्याचा मोह टाळून पुन्हा युरेथ्रोप्लास्टीचा विचार करावा. पुनःशस्त्रक्रियेचे यश पहिल्यापेक्षा काहीसे कमी असते, तरी या कामाचा खास अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडे ते समाधानकारक असते. लिंगातला मार्ग फारच खराब असेल तर दोन टप्प्यांत दुरुस्ती करतात: पहिल्यांदा कलम अंथरून ते काही महिने रुजू देतात आणि नंतर नळी बनवतात. दोन टप्प्यांच्या मध्ये धार खालच्या बाजूने येते, आणि अनेक पुरुष त्याच अवस्थेत समाधानी राहून दुसऱ्या टप्प्याला नकार देतात.

वृषणकोशामागे मार्गाचे नवे छिद्र करून देण्याची, पेरिनियल युरेथ्रोस्टोमी नावाची शस्त्रक्रिया हा पराभव मानला जातो, आणि माझ्या मते हा गैरसमज अनेकांची वर्षे वाया घालवतो. बसून लघवी करावी लागते, एवढा बदल स्वीकारला तर वयस्कर, वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांत समाधानाचे प्रमाण उत्तम आढळते. स्पर्शसुख आणि ताठरता तशीच राहते. अपत्य हवे असणाऱ्यांनी मात्र वीर्य बाहेर पडण्याची जागा बदलते, हे आधी लक्षात घ्यावे.

पायरी १० : पुढच्या प्रत्येक रुग्णालयभेटीसाठी

युरेथ्रोप्लास्टी झालेल्या पुरुषाला दहा वर्षांनी हृदयाची, गुडघ्याची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया करावी लागू शकते आणि तेथे नेहमीप्रमाणे कॅथेटर घातला जातो. नवा मार्ग याच क्षणी दुखावतो. म्हणून पाकिटात एक छोटी चिठ्ठी कायम ठेवावी: कोणत्या वर्षी, कोणत्या भागाची, कोणत्या पद्धतीने दुरुस्ती झाली, कॅथेटर टाळता येत असल्यास टाळावा, लागलाच तर १२ ते १४ फ्रेंच मापाचा, भरपूर वंगण लावून घालावा, अडल्यास जोर न लावता मूत्ररोगतज्ज्ञाला बोलवावे, दुर्बिणीखाली मार्गदर्शक तारेवरून घालावा किंवा पोटावरून नळी ठेवावी.

हाड मोडून मागच्या मार्गाची दुरुस्ती झालेल्या पुरुषाने या चिठ्ठीत आणखी एक ओळ घालावी. त्याचा बाहेरचा रोधक स्नायू अपघातात निकामी झालेला असण्याची शक्यता असते आणि लघवी रोखण्याचे काम केवळ मूत्राशयाचे तोंड करत असते. उतारवयात प्रोस्टेट वाढल्यावर दुर्बिणीने प्रोस्टेट कोरण्याची शस्त्रक्रिया केली तर ते तोंडही उघडते आणि लघवी सतत गळू लागू शकते. प्रोस्टेटची कोणतीही शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर आधी ही माहिती द्यावी, औषधांनी भागते का ते पाहावे आणि मार्गाच्या पुनर्रचनेचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.